नेलोचं इंजिन

आमच्या गावात दुपारी जेवणं झाली की कुणी कुणाच्या दारावर थाप मारत नाही. एटना ज्वालामुखीच्या काळ्या दगडांवर ऊन असं तापतं की समोरचा रस्ता हलतोय असं वाटतं. खिडक्या बंद, कुत्री सावलीला, आणि सगळं इतकं गप्प की भिंतीवरची पाल सरकली तरी ऐकू येईल. या वेळेला रस्त्याने जे फिरतं ते माणूस नसतं, असं जुनी माणसं सांगायची. पोरांना घरात डांबण्यासाठी सांगत असतील. पण त्यांनाही बाहेर पडायचा धीर नसायचा, हे मी पाहिलंय.

अगातिना कुतुली मात्र नेमकी त्याच वेळेला काम करायची. फायबरच्या कामाला कोरडं ऊन लागतं, रेझिन पटकन धरतं, असं ती म्हणायची. माझं दुकान तिच्या गॅरेजसमोर. मी गाड्यांच्या सीटा शिवतो. दुपारी मशीन थांबवून मी बाकावर आडवा झालो की पलीकडून तिच्या पॉलिश पेपरचा आवाज यायचा, खस्स, खस्स, आणि रेझिनचा तो डोक्यात जाणारा वास.

ती मूळची खाली समुद्राकडची. बाप मासेमारीच्या लाकडी होड्या बांधायचा. फायबरच्या होड्या आल्या तेव्हा तो म्हणाला, "टबात बसून मासे धरणार का आता लोक?" आणि ही पोरगी शेजारच्या कारखान्यात जाऊन तेच काम शिकली. बापाने बोलणं टाकलं. पुढे त्याच्याच होडीचा तळ कुजला, तेव्हा संध्याकाळी चार माणसं लावून ती तिच्या दारात आणून ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. हिनेही एक शब्द न बोलता तळ करून दिला. बापलेकीचा समेट झाला तो एवढाच.

लग्न करून ती आमच्या डोंगरावर आली, सारो मिस्त्रीच्या घरात. सारोचं गॅरेज म्हणजे द्राक्षं तुडवायची जुनी इमारत. द्राक्षं तुडवायचं दगडी टाकं अजून आत आहे, अगातिना त्यात तिचे साचे ठेवते. नवराबायकोने काम वाटून घेतलं होतं. आमच्याकडे डोंगरचढणीच्या शर्यतीचं वेड. ज्याच्याकडे म्हणून जुनी स्पोर्ट्स कार आहे तो तिचं मूळचं थकलेलं इंजिन काढून मोठं बसवून घेणार. ते सारोचं काम. मोठं इंजिन आलं की रुंद टायर हवेत, रुंद टायर मूळच्या पत्र्यात मावत नाहीत, मग मडगार्ड बाहेर फुगवायचे, पुढे नवं नाकाड बसवायचं, मागे शेपटी. ते अगातिनाचं.

सुरुवातीला गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, "वहिनी, सारो कुठाय? आणि कॉफी टाका जरा."

"टाकते की. पण माझ्या हाताला हार्डनर लागलेलं असतं," ती म्हणायची. "प्यायलास तर तासाभरात दगड होशील. बायकोला विचारून ये."

नंतर कुणी कॉफी मागितली नाही. कॉफी मी पाजायचो.

नेलो राचिती त्या गॅरेजमध्ये पडीक असायचा. वीजमंडळात तारा ओढायचं काम, आणि उरलेला सगळा जीव एका जुन्या आल्फा कूपे गाडीत. तिच्यात सारोने दोन लिटरचं इंजिन बसवलं होतं, पण पुढचं सगळं नेलोने स्वतः केलं: दोन कार्बोरेटर जुळवले, सायलेन्सरचा पाइप स्वतः वाकवला. त्या गाडीचा आवाज दुसऱ्या कुठल्याही गाडीसारखा नव्हता. खालच्या पुलावर असली तरी आम्हाला कळायचं. चढाला लागली की आवाज जड व्हायचा आणि वळणावर गिअर बदलताना क्षणभर अडकायचा, माणूस बोलताना घोट गिळतो तसा.

त्याच्या मडगार्डचा साचा अगातिनाने केला तेव्हाची गोष्ट. साच्याच्या आतला थर अजून ओला होता आणि या शहाण्याने वाकून बघताना त्यावर सगळा पंजा टेकला.

"काढ तो हात, गाढवा," ती म्हणाली.

"चिकटला," नेलो म्हणाला. "आता माझी सही झाली यावर."

तिने तो पंजा घासला, भरला, पुन्हा घासला. तरी उजेडात तिरकं धरलं की साच्यात पाच बोटं पुसट दिसायची. पुढे वर्षभराने फॅनच्या पट्ट्यात त्याचं अनामिकेचं टोक गेलं. त्याची आई, वेनेरा मावशी, म्हणाली, "अंगठी घालायचंच बोट नेमकं. आता पोरीला तरी काय दाखवू?"

अंगठीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. एका रविवारी सकाळी तो सरावाला निघाला. आदल्या दिवशी डोंगराने राख टाकली होती. आमची राख म्हणजे काळी बारीक वाळू, टायरखाली छर्‍यासारखी फिरते. चेस्टनटच्या झाडांपाशी जे वळण आहे तिथून गाडी खाली गेली. ती वर काढायला सारोचीच क्रेन गेली. नेलो जागच्या जागी गेला, दवाखान्यापर्यंतही न्यावं लागलं नाही. गाडीचा पत्रा चुरगळला होता, पण इंजिनाला साधा ओरखडा नव्हता. सारोने ते उतरवून नेलोच्या बापाच्या, कार्मेलो काकाच्या, खोपटात नेऊन ठेवलं.

काही वर्षं गेली. नेलोचा जिवलग मित्र ओरात्सियो याच्याकडे छत नसलेली दोन माणसांची जुनी आल्फा होती. तिचं इंजिन संपलं तेव्हा तो कार्मेलो काकाकडे गेला. काकाने एक पैसा न घेता इंजिन देऊन टाकलं. "घेऊन जा बाबा, खोपटात जाववत नाही मला," एवढंच म्हणाला. बायकोला त्याने सांगितलं नाही.

गॅरेजमध्ये त्यावरून वाजलं. मी तिथेच होतो.

"हे बसवू नकोस," अगातिना सारोला म्हणाली.

"का? उत्तम इंजिन आहे."

"त्याची आई बाल्कनीत बसते, सारो. रस्ता तिच्या दारावरून जातो."

"इंजिनाला आई नसते," सारो म्हणाला. "लोखंड आहे ते."

ओरात्सियो गरिबासारखा कोपऱ्यात उभा. "वहिनी, त्याचा आवाज तेवढा रस्त्यावर राहू दे," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

तिने मग विरोध सोडला. ओरात्सियोला मडगार्डही नेलोच्या गाडीसारखेच हवे होते. तिने टाक्यातून जुना साचा काढला, मेण लावलं, थर चढवले. मागच्या उजव्या मडगार्डवर पंजा उमटला होताच. तिने पुट्टी भरली, पाणीपेपर मारला, रंग दिला. गाडी गॅरेजबाहेर आली तेव्हा मी स्वतः हात फिरवून बघितला. अंड्यासारखा गुळगुळीत.

पहिल्याच रविवारी जेवण उरकून ओरात्सियो गाडी घेऊन वर निघाला. गावात झोपाझोप झालेली. मी बाकावर पडलो होतो आणि खालच्या पुलावरून तो आवाज आला. मी उठून बसलो. आवाज चढाला लागला, जड झाला, वळणावर त्याने तो घोट गिळला, आणि वेनेरा मावशीच्या घरापाशी आला तसा बंद पडला.

ओरात्सियोने नंतर सांगितलं ते असं. गाडी फाटकापुढे थांबली. तो बोनेट उघडायला उतरतो तोवर फाटकाचे दोन्ही लोखंडी दरवाजे सताड उघडले. मावशी काळ्या एप्रनमध्ये उभी.

"ऊन आहे. आत घे," ती म्हणाली.

"नको मावशी, होईल चालू."

त्याने किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. तो वर जाईपर्यंत फाटक उघडंच होतं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. एकदा फाटकाच्या थोडी अलीकडे, एकदा थोडी पलीकडे, पण त्या भिंतीच्या लांबीबाहेर नाही. गावात कुजबुज सुरू झाली. दुकानात ओरात्सियो शिरला की बायका हळूच छातीवर क्रूस काढायच्या. सारो मात्र चिडला. "पेट्रोलची वाफ होते नळीत," तो म्हणाला. "चढण, ऊन, गरम इंजिन. यात भुताटकी कसली?" त्याने नळीला उष्णता न लागणारं कापड गुंडाळलं, पंप बदलला, कॉइल बदलली, प्लग बदलले. दुसऱ्या कुठल्याही रस्त्यावर गाडी दिवसभर पळायची. आणि त्या फाटकापुढे बंद पडायची.

अगातिनाला दुसरीच काळजी लागली होती. मडगार्डवर पंजा वर येत होता. सकाळी सावलीत काही दिसायचं नाही. भर दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की रंगाखालून हळूहळू बोटं उठायची, झोपलेल्याच्या गालावर उशीची घडी उठते तशी. तिने दोनदा सगळं खरवडून पुन्हा केलं.

"याला कारण आहे," ती मला म्हणाली. "रेझिन पुढे कितीतरी महिने आत आकसत राहतं. ऊन लागलं की खालचं वर येतं. होड्यांवरही येतं."

"मग घाबरतेस कशाला?"

"मी कुठे घाबरले?" ती म्हणाली आणि पेपर मारत राहिली.

मग तो राखेचा रविवार आला. डोंगर सकाळपासून गुरगुरत होता. जेवणवेळेला आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं आणि राख पडायला लागली. हवा थंड होती. सारो म्हणाला, "आजच बघू. ऊन नाही, वाफ होणार नाही. इन्यात्सियो, तू बस ओरात्सियोसोबत, मला साक्षीदार हवा."

मी बसलो. मीच शिवलेल्या सीटवर, डोक्यावर छत्री धरून. राख छत्रीवर चुरचुरत होती. रस्त्यावर कुणी नाही. गाडी झकास चालली होती. मी काट्यांवर नजर ठेवून होतो: तेल ठीक, उष्णता ठीक. मावशीची भिंत सुरू झाली आणि इंजिन थांबलं. मिसिंग नाही, आचका नाही. कुणीतरी शांतपणे किल्ली फिरवून बंद करावं, तसं. किल्ली चालूवरच होती. ओरात्सियोने मला बोट दाखवून ती दाखवली.

फाटक उघडलं. मावशी छत्री घेऊन बाहेर आली, पण आज ती आमच्याकडे बघतच नव्हती. ती गाडीच्या मागे गेली. गाडीवर सगळीकडे राखेचा काळा थर बसला होता, आणि उजव्या मडगार्डवर एक पंजा तेवढा स्वच्छ होता. राख तिथे थांबलीच नव्हती. मावशीने छत्री खाली ठेवली आणि आपला हात त्या पंजावर ठेवला. मग बोटाने एकेक बोट चाचपलं.

"हे बघ," ती मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "अंगठीचं बोट."

मी बघितलं. चार बोटं पुरी होती. अनामिकेला टोक नव्हतं.

हे मी अगातिनाला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम ठेवलं. टाक्यातून साचा ओढून काढला, दारात उजेडाला तिरका धरला आणि मला बोलावलं. साच्यात पाचही बोटं पुरी होती, अनामिकेच्या टोकासकट. हात टेकला तेव्हा नेलोचं बोट शाबूतच होतं ना.

"घासताना तेवढंच टोक गेलं असेल," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. साचा परत टाक्यात ठेवून तिने त्यावर गोणपाट टाकलं. "इन्यात्सी, माझ्याबरोबर चल. या वेळेला एकटीने जायला नको तिथे."

वेनेरा मावशीचं स्वयंपाकघर अंधारं होतं, खिडक्या मिटलेल्या. कार्मेलो काका टेबलाशी बसून बुटांकडे बघत होता. अगातिना खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"मावशी, त्या गाडीत नेलोचं इंजिन आहे. आम्ही बसवलं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"पहिल्या रविवारीच कळलं मला," मावशी म्हणाली. "मी बहिरी नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? हा तोंड उघडत नाही." तिने नवऱ्याकडे मान केली. "आणि ओरात्सियो भित्रा. फाटक उघडलं की पळतो."

"लोक म्हणतात, तुम्हाला वाटतं नेलोच आला."

मावशीने तिच्याकडे असं बघितलं की मला माझ्याच पायांकडे बघावंसं वाटलं. "माझा मुलगा मेलाय, अगातिना. त्याला मी कपडे घातलेत. पण ते इंजिन त्याने बंद केलं नाही ना. ते वळणावर चालू राहिलं, तो गेल्यावरही. तुझा नवराच म्हणाला होता, क्रेन घेऊन गेलेला, की आम्ही पोचलो तेव्हा चालूच होतं. चालू ठेवून गेलेलं पोर ते. ते इंजिन थांबायला जागा शोधतंय. घरासमोर येऊन थांबतं, आणि तुम्ही परत चालू करून पिटाळता त्याला."

बाहेर राख खिडकीच्या फळ्यांवर पडत होती.

"काढून आण माझ्याकडे," मावशी म्हणाली.

सारोने घरी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चालूच होतं, खरंय. मीच बंद केलं," आणि इंजिन उचलायची चेन कप्पी लावायला उठला. ओरात्सियोने तर लगेच बोनेट उघडून दिलं. त्याच्या गाडीला एक साधं इंजिन मिळालं आणि ती त्या फाटकापुढे पुन्हा कधी बंद पडली नाही. पंजा मात्र उन्हात अजून वर येतो. अगातिना मडगार्ड बदलून द्यायला तयार होती. तो म्हणाला, "राहू दे. एवढं चालतं."

नेलोचं इंजिन मावशीच्या अंगणात गेलं. सारोने स्टँडसारखा लोखंडी घोडा केला, त्यावर हादरे खाणारे रबर लावून ते बसवलं. शेजारी रेडिएटर, पेट्रोलचा डबा, बॅटरी, लाकडी फळीवर किल्ली. पावसाराखेपासून वाचावं म्हणून अगातिनाने वरून फायबरचं झाकण केलं, साच्याशिवाय, नजरेच्या अंदाजाने, उलट्या होडीसारखं.

रविवारी जेवणानंतर ती जायची, झाकण काढायची, इंजिन सुरू करायची. आवाज निघाला की कार्मेलो काका टोपी घालून चौकातल्या बारमध्ये पत्ते खेळायला जायचा. मावशी मांडीवर परात घेऊन बाकल्याच्या शेंगा सोलत बसायची. काही वेळाने म्हणायची, "बास. झोपू दे आता." मग अगातिना किल्ली फिरवायची. पहिल्या वेळी बंद करताना हात उचलत नव्हता, असं तिने मला एकदाच सांगितलं.

गावाला त्याची सवय व्हायला वेळ लागला. खिडक्या मिटून पडलेल्या घरांत तो आवाज यायचा. गाडी येतेय असं वाटायचं, येतेय, येतेय, आणि ती कुठेच पोचायची नाही. पाव्हणे विचारायचे, "कोण एवढी गाडी तापवत बसलंय?" आम्ही म्हणायचो, "झोपा तुम्ही."

असं बरीच वर्षं चाललं. मधे सारोला पाठदुखीने खाटेला खिळवलं, आणि अगातिना इंजिनाचंही काम करू लागली. "आता दोन्ही हात काळे," ती म्हणायची. मग एका हिवाळ्यात वेनेरा मावशी गेली. दुपारी शेंगा सोलता सोलता डुलकी लागली ती उठलीच नाही. अगातिनाने शवपेटीला खांदा दिला. बाईने खांदा द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, पण तिला नको कोण म्हणणार?

त्याच्या पुढच्या रविवारी ती माझ्याकडे जेवायला होती. रिकोटा घातलेला पास्ता होता, तिने तो नुसता चिवडला. आज जायचं नाही हे तिने ठरवलंच होतं. मी कॉफी ओतली. आणि तो आवाज आला.

समोरच्या घराची खिडकी उघडली, मग त्याच्या शेजारची. अगातिनाने कोटाच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही बघ," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे."

आम्ही पळतच गेलो. फाटक सताड उघडं होतं. झाकण बाजूला पडलेलं, इंजिन चालू, आणि पुढे कार्मेलो काका उभा. दोन्ही हात कानांवर. ज्या माणसाने आयुष्यात पाना धरला नव्हता तो. फळीवर दुसरी किल्ली होती, लाल दोरा बांधलेली.

"तिच्या झग्याच्या आत शिवलेली सापडली," तो ओरडून म्हणाला. "मी नुसती लावून बघितली. फिरवली नाही. देवाशपथ फिरवली नाही."

अगातिनाने त्याच्या मनगटाला धरून हात कानावरून खाली आणला.

"काका, उलटी फिरवा."

"तू कर."

"नाही. तुम्ही."

त्याने डोळे मिटले आणि फिरवली. इंजिन थांबलं. अंगणात इतकं शांत झालं की तापलेलं लोखंड टिकटिकताना ऐकू येऊ लागलं. काका तिथेच मावशीच्या खुर्चीत बसला. मग त्याने विचारलं, "पुढच्या रविवारी किती वेळ चालवायचं असतं?"

"मावशी बास म्हणायच्या, तेवढा."

"आणि मी कधी म्हणायचं?"

अगातिनाने तेलाची पट्टी ओढून काढली, कोटाला पुसली, परत आत घालून पुन्हा काढली आणि उजेडाला धरली.

"तेल घालायला हवं," ती म्हणाली.